कानवाल्या डॉक्टरच्या चिमटीत माझी जीभ

आवाज बसला म्हणून आपल्याकडे कोणी डॉक्टरकडे जात नाही. खडीसाखर चघळतात, ज्येष्ठमध चघळतात, रात्री हळदीचं दूध पितात आणि वरून बिडी ओढतात. मीही तेच केलं. हे लिहितोय ते अशाच एखाद्या माणसासाठी, ज्याचा आवाज कित्येक दिवस बसलेला आहे आणि जो घरच्यांना ‘होईल मोकळा’ म्हणून गप्प करतोय. बाबा रे, आधी घसा दाखवून ये. मग बाकीचं वाच.

मी मोतीराम. शेलूबाजारात माझा भोंग्याचा ऑटो आहे. आसपासच्या गावात ताडपत्रीचं दुकान उघडलं, कुस्त्या लागल्या, कोणाची म्हैस हरवली की अलाउन्स करायला मला बोलावतात. कोणी वारलं तरी मलाच. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’ हे मी इतक्यांदा म्हटलंय की पोरं मला पाहिलं की तेवढंच म्हणून पळतात. उभं आयुष्य या आवाजावर काढलं. शेत नाही, दुकान नाही, नोकरी नाही. माझी बायको शोभा म्हणते, “तुमी घरातबी बाजारात असल्यावानी बोलता.” खरं आहे ते.

दोन गेट

आजार सांगायचा तर आधी भांडण सांगावं लागेल, कारण दोन्ही एकाच घशातले.

माझा धाकटा भाऊ गौतम हायवेवर मोटारसायकलवरून पडला. बाहेरून फारसं लागलेलं दिसत नव्हतं, पण पोट धरून बसला होता. जीपमध्ये टाकला. पहिल्या खाजगी दवाखान्याच्या गेटवर म्हणाले, डॉक्टर नाहीत. दुसऱ्या गेटवर म्हणाले, आधी पैसे भरा. मी सळया धरून ओरडत होतो. माझा आवाज दोन गावांपलीकडे जातो म्हणतात, त्या दिवशी तो गेटाच्या आत गेला नाही. अकोल्याच्या वाटेवर गौतमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. “दादा, पानी,” एवढं म्हणाला. पोटाच्या माराला पाणी द्यावं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी विचार करत राहिलो आणि तो गेला.

म्हणून जेव्हा आरोग्याच्या हक्काच्या कायद्याचा मसुदा निघाला, तेव्हा मी ऑटो घेऊन सरळ विष्णूभाऊंच्या दारात उभा राहिलो. विष्णूभाऊ आमच्या गावचे शेतकरी, कायदा व्हावा म्हणून समिती चालवतात. मसुद्यातली एक गोष्ट मला पुरेशी होती: जीव धोक्यात असलेला पेशंट कोणत्याही दवाखान्याच्या दारात आला तर आधी त्याला हात लावायचा, पैशाचं नंतर सरकारनं बघायचं. मी ऑटो फुकट फिरवला. घोषणा माझीच होती, “आधी नाडी बघा, मग गल्ला!” गावागावातून ती पोरांच्या तोंडी बसली.

डॉक्टर मंडळींनी विरोधात काळ्या फिती लावल्या. त्यांच्या बाजूनं बोलायला वाशिमचे नाक-कान-घशाचे डॉक्टर पुढे असत. आमच्याकडे सगळे त्यांना ‘कानवाले डॉक्टर’ म्हणतात, आणि ते त्यांना मुळीच आवडत नाही. वाशिमला एकदा दोन्ही बाजूंची जाहीर चर्चा ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, सरकारचे पैसे वर्षानुवर्षं येत नाहीत, लहान दवाखाने बंद पडतील, मग पेशंट नेणार कुठे? मी उठलो आणि म्हणालो, “डॉक्टरसाहेब, तुमचा गल्ला सदा उघडा असते, गेट तेवढं बंद असते.” टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. टाळ्या थांबल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमचा आवाज मोठा आहे मोतीरामभाऊ, मुद्दा नाही.”

ते वाक्य मला फार लागलं. त्याच्यानंतर मी आणखी जोरात ओरडू लागलो.

पडद्यावरचा पांढरा दाणा

आवाज बसला तेव्हा सगळे कौतुकानं म्हणत, घोषणा देऊन देऊन बसला. मलाही तो मोठा मान वाटे. मग एक दिवस शोभाच्या बहिणीचा फोन आला. मी उचलून बोललो, तर ती विचारते, “कोन बोलून राह्यलं? दाजी कुठी हायेत?” शोभानं फोन घेतला, पण नजर माझ्यावरच होती. मी बिडी विझवली.

डॉक्टर म्हटलं की माझा नियम ठरलेला, सरकारी. गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं नीट तपासलं, घशात काहीतरी आहे म्हणाला, पण दुर्बिणीनं काढायला बरेच दिवस थांबावं लागेल, रांग मोठी आहे. “थांबू नका,” असंही तोच म्हणाला. जवळपास हे काम करणारा दुसरा माणूस कोण, असं शोभानं विचारलं. नाव ऐकून मी खुर्चीवरून उठलो.

तरी तिनं मला नेलंच. कानवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या भिंतीला अजून कायद्याच्या विरोधाचा कागद चिकटलेला होता. आत गेलो तर ते मान वर न करता म्हणाले, “बसा, भोंगेवाले.” गॉजच्या कापडात माझी जीभ धरली, बाहेर ओढली आणि आरसा आत घातला. “आ करा.” गावोगाव ज्याच्याविरुद्ध ही जीभ चालवली, त्याच्याच चिमटीत ती सापडली होती.

मग नळीतून कॅमेरा घातला आणि समोरच्या पडद्यावर माझा गळा दिसला. दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. एकीवर तांदळाच्या कणीएवढा दाणा होता, खरबरीत.

“हा तुमचा आवाज,” डॉक्टर म्हणाले. “आणि हे त्याच्यावर बसलेलं आहे. काढावं लागेल. काढून तपासायला पाठवावं लागेल.”

“कशासाठी तपासाचं?” शोभानं विचारलं.

त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला. “कॅन्सर तर नाही ना, यासाठी. बिडी, तंबाखूचा खर्रा किती वर्षं?”

शोभानं पदर तोंडाला लावला. मी विचारलं, माझा आवाज? ते म्हणाले, “राहील की नाही, आज सांगता येत नाही. पण पुष्कळ दिवस बोलणं बंद. भोंगा तर बंदच.”

महिनाभरानं वाशिमला मोठी सभा होती. कायद्याची. मीच बोलणार होतो.

डाव

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की हा डाव आहे. विष्णूभाऊ संध्याकाळी आले आणि त्यांनीही तेच म्हटलं. “मोतीरामभाऊ, त्या मानसाले तुमचा आवाजच तं बंद कराचा हाय! सभा होऊ द्या. मंग पाहू दाना न् बिना. तोवर मधात मिरे टाकून घ्या.”

मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. डाव असेल तर मग आजार नाही. कॅन्सर या शब्दाला मी इतका घाबरलो होतो की डॉक्टर बेइमान निघाला तर मला पेढे वाटावेसे वाटले असते.

शोभा सुपात सोयाबीन निवडत होती. ती विष्णूभाऊंना म्हणाली, “चहा झाला ना भाऊ? आता घरी जा.” ते गेले. मग सूप खाली ठेवलं.

“गौतम भाऊजीले गेटात घेतलं नाई म्हनून तुमी गावोगाव वरडून राह्यले. अन् तुमच्यासाठी गेट सताड उघडं हाय, तं तुमीच बाहेर उभे. काई झालं तं मी कोनाच्या दारापुढी वरडू, सांगा मले.”

ती पुन्हा सूप घेऊन बसली, पण तिचे हात चालत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही वाशिमची एसटी धरली.

पाटी

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. गुंगीचं औषध चढताना डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’. माझ्या वेळी ते कोण म्हणणार, हा प्रश्न पडला. या भागात दुसरा भोंगेवाला नाही.

शुद्धीवर आलो तर शोभाची बोटं माझ्या ओठांवर होती. “एक शब्द नाई,” ती म्हणाली. खरं तर लोक दुसऱ्याच दिवशी घरी जातात. डॉक्टरांनी मला तीन-चार दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, “हा माणूस घरी गेला की बोलेल.” शोभानं शाळेतल्या पोराकडे असते तशी एक पाटी आणि पेन्सिल माझ्या उशाशी आणून ठेवली.

मुकेपणाची सवय नसलेल्या माणसाला दवाखान्याचा दिवस फार मोठा असतो. सकाळी फरशी पुसणारी बाई येई. मग इंजेक्शन, मग पेज, मग बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कण्हणं. बोलता येत नसलं की माणूस आपल्या पोटात किती बडबडतो, ते मला तिथे कळलं. सकाळ-संध्याकाळ रिपोर्टची भीती वाटायची. घशातून काढलेला तुकडा तपासायला बाहेरगावी गेला होता.

आणि रोज संध्याकाळी डॉक्टर येत. घसा बघून झाला की स्टूल ओढून बसत आणि कायद्यावर बोलत. मला उत्तर देता येत नाही हे माहीत असूनच बोलत. हा सूड आहे असं मला वाटे. मुठी आवळून पडून राही. एका संध्याकाळी म्हणाले, “तुम्ही गेटाबद्दल बोलता ना? माझं गेट उघडं होतं. अपघातातला एक माणूस आणला लोकांनी. पोटात रक्त साचत होतं. मी घशाचा डॉक्टर. माझ्याकडे ना रक्त, ना भूल देणारा, ना पोट उघडायचं सामान. सलाईन लावून पुढे पाठवला. वाटेत गेला. परत येऊन लोकांनी माझ्या काचा फोडल्या. माझी बायको मुलीला घेऊन संडासात लपली होती. उद्या तुमचा कायदा आला तर शिक्षा कोणाला? रक्तपेढी न देणाऱ्याला की मला?”

माझ्या घशात शब्द नुसते उकळत होते. सलाईन लावलं, मग सोबत माणूस का नाही दिला? पुढे फोन करून का नाही सांगितलं? मी पाटी ओढली. इतकं सगळं लिहायला पाटी पुरणार नव्हती. शेवटी एवढंच लिहिलं: ‘त्याचं नाव काय होतं?’

डॉक्टरांनी पाटी वाचली. आरसा खिशात टाकून निघून गेले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला रात्रभर गौतमच दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते आले, घसा बघितला, स्टूल घेतलं नाही. दारापर्यंत जाऊन वळले. “कैलास,” म्हणाले. “आसेगावचा होता. जुन्या कंपाउंडरला विचारलं.”

हळू आवाजात

घरी पाठवताना त्यांनी बजावलं होतं, आणखी काही दिवस बोलायचं नाही. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस दवाखान्यातून आला की भेटायला अख्खं गाव येतं. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतात आणि विचारतात, “तुमी बोलू नका भाऊ, नुसतं हळूच सांगा, काय झालं?”

मीही शहाणा. बोलायचं नाही म्हणजे मोठ्यानं बोलायचं नाही, असं मी धरलं. शोभानंही धरलं. आलेल्या प्रत्येकाला मी कुजबुजत्या आवाजात सगळी कथा सांगितली, पडद्यावरच्या दाण्यापासून कानवाल्या डॉक्टरच्या भाषणापर्यंत. बिस्किटांचा ढीग लागला. विष्णूभाऊंना तर सभेचे मुद्देही कुजबुजून सांगितले.

एका सकाळी खाकरलो तर थुंकीत लाल धागा दिसला. शोभानं तो माझ्याआधी पाहिला. जीपमध्ये वाशिमपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

डॉक्टर कॅमेरा घालून बराच वेळ बघत राहिले आणि मग कधी नव्हे ते ओरडले. “कुजबुज म्हणजे काय गप्प बसणं आहे? बोलण्यापेक्षा जास्त ताण येतो त्यानं! मी शिवणकाम करायचं आणि तुम्ही उसवत बसायचं?”

“आमाले वाटलं, हळू बोललं तं चालते,” शोभा रडत म्हणाली.

ते एकदम खाली बसले. “चूक माझी,” म्हणाले. “मी ‘बोलू नका’ म्हणालो. कुजबुजू नका असं सांगायला हवं होतं.” मग टेबलावरून एक लिफाफा उचलला. “रिपोर्ट आलाय. कॅन्सर नाही. आज नाही. पण दाणा त्याच रस्त्याला लागला होता. तुम्ही सभेपर्यंत थांबला असतात आणि बिडी चालू राहिली असती, तर काय काढावं लागलं असतं, ते मी बोलत नाही.”

शोभानं माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, पाठीवर डोकं टेकून रडली. मी रडलो तेही आवाज न करता. खिशातल्या बिडीचं बंडल मी डॉक्टरांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. एक लपवलेलं होतं, ते शोभानं टाकलं.

दोनदा पाहिलं

सभा तोंडावर आली तेव्हा मला शब्द काढायची मोकळीक मिळाली होती, पण माइकवर जायची नाही. विष्णूभाऊ रोज विचारत. शेवटी तपासणीची तारीख सभेच्या आदल्या दिवसावर आली. म्हणजे कायद्याच्या सभेत मी बोलायचं की नाही, हे कायद्याला विरोध करणारा माणूस ठरवणार होता. आदल्या रात्री मी शोभाला विचारलं, “खोटं बोलले तं?”

“तं ते त्याच्यापाशी,” ती म्हणाली. “तुमी आ करा.”

डॉक्टरांनी कॅमेरा घातला. बघितलं. काढला. हात धुतले. मला वाटलं, आता ‘नाही’ म्हणणार. ते पुन्हा माझ्यासमोर बसले आणि परत कॅमेरा घातला. पहिल्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं.

“तुम्ही उद्या बोलू नये असं मला वाटतं, हे तुम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच दोनदा बघितलं. जखम भरली आहे. बोला. पाच मिनिटं, आणि ओरडायचं नाही. माइक आहे ना? त्याला काम करू द्या.”

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि जरा रागानंच म्हणाले, “हे नको. कायद्याला माझा विरोध आहे.”

मंडपात लोक माझी घोषणा ऐकायला आले होते. मी माइक धरला आणि आवाज काढला. बारीक, जरा फाटका, परका आवाज. पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. मग मागून ओरडलं, “आयकू येऊन नाई राह्यलं!” आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. हळूहळू सगळाच मंडप गप्प झाला. माझ्या आयुष्यात लोक माझ्या आवाजानं गप्प होत असत. माझं ऐकायला गप्प झालेले मी पहिल्यांदा पाहिले.

मी गौतमचं सांगितलं, दोन गेट आणि पाणी. आणि मग कैलासचं सांगितलं. “त्याले आत घेतलं होतं,” मी म्हणालो. “पन आत वाचवाले काईच नोतं. कायदा पाह्यजेच. गेट उघडाले लावाच. पन गेटाच्या आत रक्त, सामान, मानूस कोन ठेवते, तेबी त्याच कायद्यात लिवा. नाई तं एक भाऊ गेटाबाहेर मरन अन् एक गेटाच्या आत.”

विष्णूभाऊंचा चेहरा उतरला. “विरोधकाचा मुद्दा आपल्या स्टेजवर कायले आनला?” असं त्यांनी खाली उतरल्यावर विचारलं. आम्ही अजून त्यावर भांडतो. मसुदा अजून अडकलेलाच आहे. भोंग्यावर आता मी ओरडत नाही, माइक जवळ धरतो. लोकांना सवय झाली आहे.

पुढच्या तपासणीला गेलो. भिंतीवरचा विरोधाचा कागद तसाच होता, नवीन चिकटवल्यासारखा. डॉक्टरांनी गॉज घेतला, माझी जीभ धरून बाहेर ओढली आणि आरसा आत घातला.

“तुमचं भाषण ऐकलं मी. कोणीतरी मोबाइलवर पाठवलं,” ते म्हणाले. “कैलासचं बरोबर सांगितलंत. बाकीचं चुकलंय.”

मी काहीतरी म्हणायला गेलो, पण जीभ त्यांच्या चिमटीत होती. “हलू नका. आ करा,” ते म्हणाले, आणि माझं तोंड उघडं आहे तोवर त्यांनी त्यांचा पहिला मुद्दा सुरू केला.

मी आणखी मोठा आ केला.